मुदपाकखान्याचे कारखानीस

मराठेशाहीच्या राज्यव्यवस्थेत अठरा कारखाने असत आणि मुदपाकखाना, म्हणजे खाशांच्या स्वयंपाकाचे खाते, हा त्यांपैकी एक. अशा कारखान्यांची व्यवस्था पाहणारा जो अंमलदार, तो कारखानीस. राज्य गेले, दौलत गेली, हुजुरांची पंगत उठली. परंतु मुदपाकखान्याचा कारखानीस मात्र कोणत्याही सनदेवाचून आणि वेतनावाचून आजही पुण्या-मुंबईच्या सदनिकांतून आपला हुद्दा निष्ठेने चालवीत असलेला दृष्टीस पडतो. जुन्या कारखानिसाच्या दफ्तरात आलेल्या वस्तूबरोबर गेलेल्या वस्तूचीही नोंद होत असेल. या नव्याने जमेची बाजू तेवढी भरत आणली आहे आणि खर्चाचे पान कोरे ठेवले आहे.

हा गृहस्थ उधळ्या असावा अशी कोणी कल्पना करून घेईल, तर ती सर्वस्वी चुकीची ठरेल. ज्या कारखानिसांचा प्रस्तुत लेखकास शेजारामुळे दीर्घ सहवास लाभला, ते सरकारी लेखाखात्यातून निवृत्त झालेले, मितव्ययी, मिताहारी आणि मिठाईच्या खोक्याची सुतळीसुद्धा गुंडाळून ठेवणारे सद्गृहस्थ आहेत. रिक्षावाल्याशी सुट्या दोन रुपयांसाठी हुज्जत घालणारा हाच मनुष्य गाजराचा गुलाब करून देणाऱ्या पात्यांच्या संचासाठी कोऱ्या नोटा विनातक्रार मोजून देतो, तेव्हा आपण पैसा खर्च करीत नसून तो सुरक्षित ठेवीत आहोत अशीच त्याची प्रामाणिक समजूत असते. स्वयंपाक त्यांना येत नाही. चहा येतो, तोही साखर कुठे आहे हे विचारून. परंतु यंत्राबरोबर येणारी माहितीपुस्तिका अथपासून इतिपर्यंत वाचणारा मनुष्य उभ्या सोसायटीत त्यांच्यावाचून दुसरा नाही. पुस्तिका, हमीपत्र व पावती यांची मिसल करून ती दोऱ्याने बांधून ठेवण्याचा त्यांचा शिरस्ता आहे. यंत्र चालो न चालो, त्याचे कागद चालू स्थितीत असतात.

कारखानिसाच्या खात्यातील भरती बहुधा दिवाळीपूर्वी होते. मंगल कार्यालये लग्नसराईआधीचा रिकामा काळ प्रदर्शनांना भाड्याने देऊ लागतात, आणि पापड-लोणच्यांच्या व ड्रेसांच्या गाळ्यांतून वाट काढीत आलेला जो समुदाय एखाद्या कोपऱ्यात थबकलेला दिसतो, त्याच्या मध्यभागी एक कृश, घामाघूम आणि अस्खलित तरुण उभा असतो. ‘एकदा दोरी ओढा ताई, कांदा जाडसर, तीनदा ओढा, बारीक, डोळ्यांतून एक टिपूस नाही!’ असे तो म्हणतो आणि खरोखरच एक टिपूस येत नाही. यात जे रहस्य आहे ते मी कारखानिसांस अनेकदा समजावून पाहिले: पाते कोरे असते, काकडी मंडईतून निवडून आणलेली आणि सरळ असते, आणि त्या तरुणाचा हात दिवसभर तेच एक काम करून वळलेला असतो. आपल्या घरी पाते तेच आले, तरी काकडी वाकडी असते आणि हात पावतीवर सही करण्यास वळलेला असतो. त्यांनी हे शांतपणे ऐकून घेतले आणि काकडी सरळ धरण्याची एक चौकट मिळते, ती आणून दाखवली.

घरी आलेल्या वस्तूचा पहिल्या रविवारी दरबार भरतो. दुसऱ्या रविवारी तिचे पाते धुताना वहिनींचे बोट कापते. महिन्याभरात ओट्यावरून फडताळात आणि पाडव्याच्या आत फडताळातून माळ्यावर अशी तिची बदली होते. बडतर्फी मात्र कधीही होत नाही. त्या माळ्याची संपूर्ण फेरिस्त द्यावयास येथे अवकाश नाही. उकडलेल्या अंड्यांच्या एकसारख्या चकत्या पाडणारी तारांची चौकट आहे, आणि घर शाकाहारी आहे. पोळी दाबून भाजून देणारे विजेचे यंत्र आहे, ज्यातील पोळी खाऊन जावयांनी दुसरी मागितली नाही. गॅसवर धरावयाचे सँडविचचे जाफल आहे. मागे मोडीत गेलेल्या कुकरांच्या शिट्ट्या आहेत. आणि एक पितळी सोऱ्या आहे, ज्याची चांदणीची चकती हरवल्यामुळे चकलीखेरीज बाकी सर्व काही त्यातून होऊ शकते.

परंतु दोन वस्तूंपाशी थांबल्यावाचून पुढे जाववत नाही. पहिली म्हणजे आइस्क्रीमचा पॉट. लाकडी बादली, आत धातूचा डबा, वर दातेरी चाके आणि फिरवावयाचा दांडा, अशा या यंत्राचे पेटंट नॅन्सी जॉन्सन या अमेरिकन बाईंनी १८४३ साली घेतले, आणि त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे लोटली तरी महाराष्ट्राच्या वैशाखात त्याच्या रचनेत फारसा फरक पडलेला नव्हता. गोणपाटात गुंडाळून बर्फाची लादी आणावयाची, ती धुण्याच्या धोपाटण्याने फोडावयाची, तिच्यात खडे मीठ पेरावयाचे (मिठामुळे बर्फ शून्याच्याही खाली वितळतो आणि वितळताना डब्यातील दुधाची उष्णता ओढून घेतो, हे त्या वयात कोणास ठाऊक नव्हते, पण मीठ डब्यात शिरले की सगळे फुकट, हे प्रत्येकास ठाऊक होते), मग पोरांनी पाळीपाळीने दांडा फिरवावयाचा, आणि तो हलेनासा झाला की वडील मंडळींपैकी कोणीतरी बाह्या सारून पुढे व्हावयाचे. कारखानिसांच्या पॉटाच्या फळ्या आता सुकून त्यांच्यात बोट जाईल इतक्या फटी पडल्या आहेत. लाकूड पाण्यात भिजत ठेवले की फुगते आणि फटी बुजतात, असे ते म्हणतात, आणि ते खरेही आहे. भिजत ठेवण्यास मुहूर्त तेवढा लागलेला नाही.

दुसरी वस्तू पाव करण्याचे यंत्र. घरगुती पावयंत्र १९८७ च्या सुमारास जपानात निघाले, आणि ते साधावे म्हणून कंपनीतील एका महिला अभियंत्याने ओसाकाच्या एका हॉटेलातील पाववाल्याच्या हाताखाली राहून कणीक ओढून पिळण्याची त्याची लकब शिकून घेतली होती. ही हकीकत कारखानिसांस अतिशय प्रिय आहे. त्यांचे स्वतःचे यंत्र मात्र न्यू जर्सीतील भाच्याने, तो त्यास कंटाळल्यावर, सामानातून आणून दिलेले. ते अमेरिकेच्या १२० व्होल्टवर चालणारे आणि आपली वीज २३० व्होल्टची, तेव्हा बुधवार पेठेतून दाब उतरविणारे एक रोहित्र आणावे लागले, आणि ते यंत्राहून जड निघाले. पाव झाला, पुन्हा मात्र कोणी करा म्हटले नाही. आता रोहित्र टाकावे तर यंत्र निकामी होते, आणि यंत्र कोणास द्यावे तर घेणारा रोहित्र उचलावयास राजी होत नाही. अशा रीतीने ते दोघे एकमेकांस जामीन राहून माळ्यावर सुखरूप आहेत.

या बाबतीत कारखानिसांशी वाद घालण्यात हशील नाही, कारण पूर्वदाखल्यांची त्यांच्यापाशी जय्यत तयारी असते. ‘पुरणयंत्र वर्षातून कितीदा लागतं? होळीला आणि पोळ्याला. ते टाका असं कुणी म्हणतं का?’ येथे आपण गप्प बसलो की ते थेट लंडन गाठतात. वाफेच्या दाबाने हाडेसुद्धा मऊ शिजविणारे पात्र डेनिस पापिन या फ्रेंच गृहस्थाने १६७९ साली तेथील रॉयल सोसायटीपुढे मांडले, आणि आपल्याकडच्या कारखान्यांतून प्रेशर कुकर बाहेर पडू लागला तो १९५९ च्या सुमारास. ‘२८० वर्षं!’ ते बोट उभारून म्हणतात, ‘आणि माझी भाजीची चक्री तुम्ही आठ वर्षांत निकालात काढता?’ वस्तुतः यास उत्तर आहे. १९६० नंतरच्या दशकात सत्यप्रकाश माथुर या अभियंत्याच्या घरचा जर्मन बनावटीचा मिक्सर देशी वाटणापुढे हात टेकून बंद पडला, तेव्हा आपल्याकडच्या मसाल्यास पुरून उरेल असा मिक्सर त्यांनी स्वतः तयार केला, आणि त्याचाच पुढे ‘सुमीत’ झाला. तेथे नड आधी होती आणि यंत्र मागाहून आले. कारखानिसांच्या घरी यंत्र आधी येते, आणि त्याची नड शोधून काढण्याच्या कामी कुटुंबातील माणसे तैनात होतात.

अगदीच निरुत्तर झाले तर ते राजा दिनकर केळकर संग्रहालयाचा आश्रय घेतात. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी गावोगाव हिंडून लोकांच्या अडगळीतले दिवे, अडकित्ते आणि भांडीकुंडी गोळा केली, ती पाहावयास आज परदेशचे लोक पुण्यात येतात. मग आमच्याच माळ्याने काय घोडे मारले? युक्तिवाद बिनतोड वाटतो. मात्र केळकरांनी जमविलेल्या वस्तू पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांनी झिजलेल्या आहेत, आणि कारखानिसांची किसणी अद्याप प्लास्टिकच्या वेष्टनातून बाहेर आलेली नाही.

वहिनींनी विल्हेवाटीचे प्रयत्न केले नाहीत असे नाही. दोरीचे चॉपर त्यांनी कामाच्या मावशींना देऊ केले, तेव्हा मावशी म्हणाल्या, ‘नको वहिनी, मलाच तीन घरांतून तीन मिळालेत. तुमच्या सुनेला एखादं देऊ का?’ बोहारीण कपडे घेते आणि भांडी देते. हा व्यवहार उलट दिशेने करण्यास ती कोणत्याही अटीवर तयार होत नाही. भांडेवाला पितळेस मोडीचा भाव देतो, परंतु प्लास्टिक पाहून मान फिरवतो. राहता राहिला आहेराचा मार्ग, तर तेथे आमच्या समाजाने भांड्यांवर नाव घालण्याची चाल पाडून आधीच पहारा बसविला आहे. इडलीपात्राच्या बुडाशी मुंजीप्रीत्यर्थ मामींकडून असे तारखेसह ठिपक्याठिपक्यांनी कोरलेले आहे, आणि त्या मुंजीतील बटू आता स्वतः निवृत्तीस आला आहे.

तथापि या साऱ्या अडचणी उद्या दूर झाल्या, तरी कारखानीस एकही वस्तू सोडणार नाहीत. देऊन टाकणे म्हणजे निकाल देणे. आपण घरी कधीही पाव भाजणार नाही, भाचरे उन्हाळ्यात जमून दांडा फिरविणार नाहीत, पाहुण्याच्या पानात गाजराचा गुलाब उमलणार नाही, असा लेखी हुकूम स्वतःविरुद्ध काढणे. आणि उभ्या नोकरीत ज्यांनी एकही प्रकरण नामंजूर न करता केवळ तहकूब ठेवले, त्यांच्या हातून तो निघावा कसा? दर दिवाळीच्या साफसफाईत ते शिडीवर चढून पॉटाच्या दातेरी चाकांना तेल घालतात. वहिनी खाली शिडी धरून उभ्या असतात. त्या काही बोलत नाहीत, कारण घरात मिक्सर येऊन एक पिढी लोटली तरी सासूबाईंचा पाटा-वरवंटा त्यांनीही मोरीच्या कोपऱ्यात ठेवून दिला आहे.

सध्या आमच्या सोसायटीचा पुनर्विकास घाटत आहे. बिल्डरबरोबरच्या बैठकीत सभासद चटईक्षेत्र, वाहनतळ आणि मधल्या काळातील भाडे यांवर हमरीतुमरीवर आले असता कारखानिसांनी एकाच मागणीचा अर्ज दाखल केला: स्वयंपाकघरावर पूर्ण लांबीचा माळा. हल्ली माळे ठेवीत नाहीत, ट्रॉल्या करतात, असे वास्तुविशारदाने सांगून पाहिले. कारखानिसांनी स्मरणपत्र धाडले, मग स्मरणपत्राचे स्मरणपत्र, आणि अखेर सुधारलेल्या नकाशात माळा मंजूर होऊन आला. तो नकाशा घेऊन ते घरी आले तेव्हा मी तेथेच चहा घेत बसलो होतो. वहिनींनी चष्मा लावून तो नीट पाहिला. ओटा होता, ट्रॉल्या होत्या, फ्रिजची जागा होती, माळा तर होताच. पाट मांडावा इतकी जमीन मात्र कोठे दिसत नव्हती.

‘अहो, आणि मी विळी घेऊन बसायचं कुठे?’

कारखानिसांनी नकाशाची काळजीपूर्वक घडी घातली.

‘अगं, ओट्यावर ठेवून उभ्यानं चिरायची विळी मिळते,’ ते म्हणाले. ‘आपण घेतलीय ना मागेच. माळ्यावर आहे.’