पन्नाशीतली पोस्टी

सिडनीच्या ब्लॅकटाउनातल्या मराठी माणसाने पन्नाशीत मोटरसायकल शिकायचे काढले, की घरचे आधी त्याचा रक्तदाब तपासतात, मग बँकेचे खाते. दोन्ही ठीक निघाली, तर मामला जास्तच गंभीर समजतात. माझ्या मते काळजी माणसाची नव्हे, तो कुठली गाडी आणतो याची करावी. या वयात फिरायला गाडी हवी ती लहान, जुनी आणि दमाला कमी. उदाहरणार्थ होंडाची सीटी-११०, इथल्या तोंडची ‘पोस्टी’. लाल रंग, जेमतेम १०५ सीसी, चार गिअर, हाताचा क्लच नाहीच. या गाडीने ऑस्ट्रेलियाचे टपाल दारोदार वाटले. आता पोस्टमन विजेच्या तीनचाकीवर बसू लागले आणि पोस्ट्या लिलावात निघाल्या. निवृत्त गाडी आणि निवृत्तीला टेकलेला माणूस, पत्रिका बघायचे कारणच नाही.

इथला कायदाही याच बाजूचा. शिकाऊ परवान्याआधी प्रशिक्षण, मग गाडीच्या मागे पिवळी ‘एल’ची पाटी आणि ताशी ९० किलोमीटरची मर्यादा, जी पोस्टी स्वभावतःच पाळते. ‘एल’ आणि पुढच्या टप्प्याची लाल ‘पी’ असेपर्यंत मागे कुणाला बसवता येत नाही. ‘हळू चालवा’ हे सांगायला मागे कुणी नसते, आणि गरजही नसते. थांबलेल्या गाड्यांच्या फटीतून पुढे सरकायला न्यू साउथ वेल्सने २०१४ साली मुभा दिली, पण पूर्ण परवानाधारकाला, तीही ताशी ३० च्या आत. पुण्याच्या लक्ष्मी रोडवर जन्म काढलेल्याला हे कठीण जाते. उपजत कलेला परवाना लागतो, हे त्याला पटत नाही.

आक्षेप येतो: दुचाकी धोक्याची. खरेच आहे. ऑस्ट्रेलियात नोंदलेल्या वाहनांत मोटरसायकल विसांत एकही भरत नाही, रस्त्यावर जाणाऱ्या जिवांत मात्र पाचांतला एक त्यांच्यावरचा असतो. त्यात पोस्टीला एबीएस नाही, नुसते ड्रम ब्रेक. लहान गाडीने समोरून वळणारी मोटार थांबत नाही, हेही मान्य. पण वेगाच्या मोहाचे काय? तो इथे इंजिनातच मिटतो, आणि पन्नाशीत संयमावर विसंबण्यापेक्षा १०५ सीसीवर विसंबणे मला जास्त भरवशाचे वाटते. जाड जॅकेट मात्र सक्तीचे धरावे, उन्हाळ्यातसुद्धा. शेजारच्या पेनरिथने ४ जानेवारी २०२० ला ४८.९ अंश पाहिले. अशा दिवशी घरी बसून चेन साफ करावी.

दुसरा आक्षेप, सफरचंदांच्या बिल्पिनला मोटारीने एम-७ महामार्गावरून पटकन जाता येते की! जाता येते, पण दिसते काय? आवाज अडवणाऱ्या भिंती. पोस्टीला तो रस्ता झेपत नाही, म्हणून ती रिचमंड रोड धरते. मार्सडेन पार्कमधली एकासारखी एक नवी घरे मागे पडतात, मग मोकळी शेते, मग हॉक्सबरी नदी. कुराजाँगपुढे बेलबर्ड हिलचा चढ लागला की गाडी दुसऱ्या गिअरवर येते आणि इंजिन असे कण्हते, की मागे ट्रक आहे हे आरशात न बघता कळते. तिथे डावीकडे सरून त्याला वाट द्यावी. बिल्पिनची सफरचंदे आपण पोचण्याआधी कुणी संपवत नाही.