९२० मीटर उंचीवरचे कप्तान

बंगळुरात सरजापूर रस्त्यावरच्या प्रत्येक मोठ्या लेआउटमध्ये एक तरी मराठी कप्तान असतो. पेशाने सॉफ्टवेअरवाला, वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंच आणि समुद्र शेकडो किलोमीटर लांब, पण कप्तानांचं त्यावाचून काही अडत नाही. जवळ असता तर जावं लागलं असतं!

मार्च लागला की मोहीम ठरते. वेंगुर्ला ते विजयदुर्ग, शिडाच्या होडीतून, रमतगमत. मुक्काम निवती, मालवण, आचरा, देवगड. सगळं मिळून चाळीस-पंचेचाळीस सागरी मैल. कमांडर दिलीप दोंदे २००९-१० मध्ये ‘म्हादेई’तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, तेही वाटेत फक्त ४ बंदरांना थांबून. कप्तानांना त्यांच्याविषयी अपार आदर आहे. फक्त ‘जरा घाईच केली’ असं त्यांचं मत आहे.

मोहिमेचा नकाशा जेवणाच्या टेबलावर काचेखाली कायमचा पसरलेला. एकदा काच पुसायला काढली आणि नेमकं देवगडवर वरण सांडलं. तेव्हापासून पाहुण्यांना ते बोटाने तो पिवळा पट्टा दाखवून बजावतात, “इथं उथळ आहे, जपून जायला लागतं.”

वाऱ्याचा अभ्यास मात्र दांडगा. उन्हाळ्यात पहाटे जमिनीवरून मतलई वारा सुटतो, तेव्हाच शीड उभारायचं. दुपारी वायव्येचा वारा तोंडावर येतो, त्याआधी पुढचं बंदर गाठून नांगर टाकायचा आणि माशांचं जेवण जेवून ताणून द्यायची. यातला शेवटचा भाग कप्तान दर रविवारी घरीच पार पाडतात. पहाटेच्या भागाचा सराव अजून व्हायचा आहे, कारण नऊच्या आत त्यांना जाग येत नाही.

एप्रिलमध्ये मालवणच्या एका तांडेलाला फोन जातो. “शीड कित्याक व्हया? इंजिन आसा मां!” तो म्हणतो. कप्तान त्याला शिडाचं तत्त्वज्ञान अर्धा तास सांगतात. “बरां, येतास कधी?” या प्रश्नावर उत्तर ठरलेलं, “वारा बघून कळवतो.”

मग १ जूनपासून मासेमारीची बंदी लागते, होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात आणि परीक्षा पुढे ढकललेल्या पोरासारखे कप्तान उजळतात. “आता नारळी पौर्णिमेनंतरच!”

सप्टेंबर २०२२ मध्ये मात्र पंचाईत झाली. पावसाने सरजापूर रस्त्याकडचे लेआउट बुडाले, ट्रॅक्टर आणि होड्यांतून माणसं बाहेर काढावी लागली. एक होडी थेट कप्तानांच्या फाटकाशी आली. बायको पासपोर्टांची पिशवी आणि कुकर घेऊन केव्हाच चढून बसली. कप्तान जिन्यावरून होडीवाल्याला विचारत होते, “तळ किती खोल बुडतो हिचा?”

“कूत्कोळ्ळी सार!” तो ओरडला.

कप्तान बसले. दोन्ही हातांनी काठ धरून, डोळे मिटून, मोठ्या रस्त्यापर्यंत रामरक्षा म्हणत गेले.

गांधीनगरच्या महाराष्ट्र मंडळात आता त्यांचं बोलणं सुरू होतं ते, “आमची होडी पाण्यात होती तेव्हा...” असं.

“अहो, कोरड्यावर उतरल्यावर भोवळ आली तेही सांगा,” बायको म्हणते.

कप्तान सांगत नाहीत. पण यंदाच्या आराखड्यात वेंगुर्ला ते मालवणच्या दरम्यान आणखी दोन मुक्काम वाढलेत.