अंतरज्ञानी

मोप्याच्या पठारावर २०२३ च्या जानेवारीत विमाने उतरू लागली आणि पेडणे-डिचोली महालांत, जिथे पूर्वी फार तर कौल घेणारा आणि साप ओळखणारा एवढेच तज्ज्ञ असत, तिथे दूरदेशीच्या नगरांची अंतरे मुखोद्गत असलेला एक नवाच गृहस्थ अवतीर्ण झाला. त्याला आम्ही अंतरज्ञानी म्हणतो, अंतर्ज्ञानी नव्हे, कारण समोरच्या माणसाच्या मनात काय आहे याचा त्यास आजतागायत कधी थांग लागलेला नाही.

कुणाचा मुलगा विलायतेस निघाल्याची कुणकुण लागताच हा शाळेतला पृथ्वीचा गोल बगलेत मारून हजर होतो, घरच्या फुलांच्या परडीतला दोरा मागून घेतो, त्याचे एक टोक मोप्यावर आणि दुसरे लंडनवर दाबतो, आणि तो ताणलेला दोरा सरळ पश्चिमेस न जाता वायव्येस वळून इराणवर कसा चढतो हे यजमानाचा चहा निवेपर्यंत सिद्ध करीत राहतो. मोपा ते लंडनचे गॅटविक सुमारे साडेसात हजार किलोमीटर, उड्डाण दहा तासांचे. हिवाळ्यात घड्याळे साडेपाच तास मागे असल्यामुळे प्रवाशाच्या हिशेबी खर्च मात्र साडेचारच तासांचा! उरलेले तास कुणाच्या खाती जमा झाले, या प्रश्नावर तो जे स्मित करतो ते जुन्या तलाठ्यालाच साधावे. येताना वरचे वारे पाठीशी असल्याने वेळ कमी लागतो, ही माहिती तो बक्षिसादाखल देतो.

हे वेड त्याच्या घराण्यातच असावे. पोर्तुगीज अमदानीत, १९५५ नंतर, दाबोळीहून ताइप या विमानसेवेची विमाने कराचीस उडत त्या काळी, त्याचे वडील कराचीचे अंतर मैलांत सांगत. पत्रादेवीपलीकडचे बांदे मात्र परवान्यावाचून कराचीहूनही दूर होते.

स्वतः त्याने विमानात पाऊल ठेवलेले नाही. दुसऱ्यांस पोहोचविण्याची तजवीज मात्र चोख: सकाळच्या विमानासाठी डिचोलीहून मध्यरात्रीच प्रस्थान, ग्रामदेवतेस गाऱ्हाणे, धारगळच्या फाट्यावर चहा, परिणामी अख्खे कुटुंब, विमानतळाचे झाडूवाले येण्यापूर्वीच, पेट्यांवर बसून पेंगत असते.

परवा त्याची तेरेखोलची आत्या आजारी असल्याचा निरोप आला. तेरेखोल पेडणे महालातच, केरीच्या धक्क्यावरून नदीपलीकडे धडधडीत दिसणारे. मी सहज विचारले, “भाऊ, कितको वेळ लागतलो?”

त्याने गोल फिरवला नाही, दोराही मागितला नाही. नदीकडे बराच वेळ पाहून म्हणाला, “ओहोट असली तर फेरीबोट थांबता. त्येचा काय सांगूक जमना नाय.”