मध्येच बोलण्याचे शास्त्र
पत्त्यांच्या खेळात पान कोणते टाकावे हे बुद्धी ठरवते, परंतु ते केव्हा टाकावे आणि दुसऱ्याचे पान पडत असताना मध्ये तोंड कोणी घालावे, हा प्रश्न न्यायशास्त्राच्या कक्षेत येतो. त्याची आधुनिक चिकित्सा रिचर्ड गारफील्ड या अमेरिकी गणितज्ञाच्या १९९३ मधील ‘मॅजिक : द गॅदरिंग’ या खेळात सापडते. याची पाने बंद पाकिटांतून विकत घेऊन जमवावी लागतात आणि त्यांतून प्रत्येकाने आपापला कॅट रचायचा असतो. त्यांतील काही तत्काळ पाने प्रतिस्पर्ध्याची चाल चालू असतानाही टाकता येतात. प्रारंभी या पानांच्याही पुढे धावणारा ‘इंटरप्ट’ नावाचा वेगळा वर्ग होता, तो १९९९ मध्ये सहाव्या आवृत्तीने मोडीत काढला. तेव्हापासून जवळजवळ प्रत्येक चाल परभणी जिल्ह्यातील मानवतच्या मोंढ्यातील पोत्यांप्रमाणे थप्पीला लागते आणि शेवटी रचलेले पोते आधी उतरते, म्हणजे शेवटचा आक्षेप आधी निकाली निघतो. मात्र उतरवण्यापूर्वी प्रत्येक खेळाडूस बोलण्याची संधी द्यावी लागते.

परभणी जिल्ह्यातील पारांवर ही संधी कोणी मागत नाही. मेंढीकोटात समोरासमोर बसलेले दोन-दोन भिडू प्रत्येकी तेरा पाने घेऊन मेंढ्या, म्हणजे दश्श्या, पळवू पाहतात आणि चारही मेंढ्या एका पक्षाला मिळाल्या की कोट होतो. बंद हुकमाच्या पद्धतीत एक पान पालथे दडवलेले असते. ज्याच्याजवळ उतारीचा रंग नाही, त्यालाच ‘हुकूम उघडा’ म्हणता येते. उघडायला लावणाऱ्याने हुकूमच मारला पाहिजे का, हे डावापूर्वी ठरवायचे असते आणि ते बहुधा डाव फिसकटल्यावर ठरते. झब्बू त्याहून कठोर आहे, कारण त्यात भिन्न रंगाचे पान पडताच हात तेथेच थांबतो, उरलेल्यांची पाळी बुडते आणि उतारीच्या रंगाचे सर्वांत मोठे पान टाकणारा सारा ढीग उचलतो.

ही सर्व व्यवस्था कोलमडते ती बघ्यापाशी. त्याला पान नसते, पाळी नसते, म्हणून गमावण्याची धास्तीही नसते. शिवाय चौघांची पाने मागून पाहून झालेली असल्याने त्याचा ‘अरारारा’ कोणत्याही तत्काळ पानाच्या आधी पोहोचतो. भिडूने खाकरले किंवा चुन्याची डबी उजवीकडे सरकवली तर ती खूण ठरून भांडण होते, बघ्याच्या उसाशाला मात्र कोणतेच कलम लागत नाही.

२००६ मध्ये मॅजिकने ‘स्प्लिट सेकंड’ हा गुण आणला. असे पान थप्पीवर असेतो दुसरे पान टाकून त्यास उत्तर देता येत नाही. या गुणाचा शुद्ध नमुना पूर्णा जंक्शनच्या फलाटावर, टॉवेल पसरून मांडलेल्या डावात पाहावा: गाडीची घोषणा होताच बघ्यासह सारे निरुत्तर होतात, आणि ज्यांच्यावर कोट चढत आलेला असतो, तेच सर्वांत आधी टॉवेल झटकतात.