मोजमाप चालू आहे

गरीब जिल्हे महाराष्ट्रात आणखीही आहेत, पण स्वतःला मोजून घेण्याचा सराव वाशीमइतका क्वचितच कुणाला असेल. १९८४ साली वि. म. दांडेकरांच्या सत्यशोधन समितीने विकासाचा ३,१८६ कोटींचा अनुशेष काढला, तेव्हा वाशीम अकोला जिल्ह्याच्या पोटात होते. १ जुलै १९९८ ला जिल्हा वेगळा झाला आणि वाशीमला स्वतःचा कलेक्टर, स्वतःचा एसपी आणि स्वतःच्या नावाची गरिबी मिळाली. २००६ मध्ये मनमोहन सिंगांच्या ३,७५० कोटींच्या शेतकरी पॅकेजमधल्या सहा जिल्ह्यांत आपला नंबर लागला. मग प्रादेशिक समतोलासाठी केळकर समिती आली. तिने जिल्हा नको, तालुका बघा म्हटले. २०१८ मध्ये दिल्लीने देशभरातून मागास, सरकारी भाषेत ‘आकांक्षित’, जिल्हे निवडले, त्यात राज्यातले चार: नंदुरबार, गडचिरोली, उस्मानाबाद आणि अर्थातच आपण. एवढी मापं घेऊन शिंप्याने एव्हाना कोट शिवून दिला असता.

कपड्यांचा विषय निघालाच आहे, तर २००२ च्या दारिद्र्यरेषेच्या सर्वेक्षणाबद्दल बोलू. १३ प्रश्न, प्रत्येकी शून्य ते चार, एकूण ५२ गुण. कमी गुण मिळवणारा उत्तीर्ण, अशी ही देशातली एकमेव परीक्षा असावी. त्यात एक प्रश्न नेहमी घालायच्या कपड्यांचा होता. माणशी दोनाहून कमी असतील तर शून्य, दहा किंवा जास्त असतील तर चार. मानोऱ्याकडच्या एखाद्या ओसरीवर ही परीक्षा कशी झाली असेल याची कल्पना करा.

“बुढेबाबा, माणशी कपडे किती?”

“आंगावरचे धरून का सोडून?”

“धरून.”

“फाटलेले धरू का?”

सर्वेक्षणाला आलेल्या गुरुजींनी कागद उलटापालटा करून पाहिला. फाटलेल्याबद्दल काही सूचना नव्हती. “धरा,” ते म्हणाले, आणि बुढेबाबा त्या क्षणी एका गुणाने श्रीमंत झाले.

मग रेशन. २०१५ मध्ये सरकारने शेतकरी आत्महत्यांच्या १४ जिल्ह्यांतल्या केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांना दोन रुपये किलोने गहू आणि तीन रुपये किलोने तांदूळ सुरू केला. अख्खा मराठवाडा, अमरावती विभाग आणि वर्धा. म्हणजे वर्ध्याचा शेतकरी योजनेत, हद्दीपलीकडचा नागपूरचा बाहेर. भूक हद्दीच्या दगडापाशी थांबते, ही महसूल खात्याची जुनी श्रद्धा. २०२३ मध्ये धान्य बंद करून माणशी महिना १५० रुपये खात्यात टाकायचे ठरले. पुढे त्यात २० रुपयांची भर पडली. आता बँकेत जाऊन गहू मागता येत नाही, एवढीच अडचण.

तरी आकांक्षित जिल्ह्याचे मोजमाप सगळ्यांत शास्त्रशुद्ध. ४९ निर्देशांक आणि दर महिन्याची क्रमवारी. लसीकरण, गर्भवतींची नोंदणी, शाळेतली स्वच्छतागृहे; उपहास बाजूला ठेवून सांगतो, यातल्या बऱ्याच गोष्टींचा पाठपुरावा झाला हे चांगलेच. कलेक्टरने मनावर घेतले तर लस टोचली जाते. पण याच ४९ मध्ये एक निर्देशांक असाही आहे: शेतमालाला मिळालेला भाव आणि हमीभाव यांतला फरक. त्याचाही जाब जिल्ह्याला!

आता सोयाबीनचा भाव वाशीमच्या कलेक्टर कचेरीत ठरतो असे मानणारा माणूस कारंज्यापासून रिसोडपर्यंत शोधून सापडायचा नाही. तो ठरतो सोयापेंडेच्या निर्यातीवर, इंडोनेशिया-मलेशियाच्या पामतेलावर आणि दिल्लीच्या आयात शुल्कावर. मे २०२५ च्या अखेरीस, पेरणी तोंडावर असताना, दिल्लीने कच्च्या खाद्यतेलावरचे मूळ शुल्क २० टक्क्यांवरून १० वर आणले. शहरातली कढई स्वस्त तापावी म्हणून. हरकत नाही, पण मग वाशीमच्या क्रमवारीतले गुण कापायचे कुणाचे?

५ ऑक्टोबर २०२४ ला तर देशाचा सन्मान वाशीमला मिळाला. पंतप्रधान पोहरादेवीला आले, आणि पीएम किसानचा १८ वा हप्ता वाशीममधून देशभरच्या नऊ कोटींवर शेतकऱ्यांच्या खात्यांत गेला. वर्षाचे ६,०००. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव होता ४,८९२ आणि बाजारात भाव चार हजारांच्या आसपास. क्विंटलमागे ८९२ गेले असे धरा. एका एकरात सात क्विंटलची झडती लागली, तर ६,२४४ रुपये गेले. एका एकराने अख्ख्या वर्षाचा सन्मान निधी फेडला, वर २४४ रुपये सरकारला सुटले.

हमीभावाने खरेदी नव्हती असे नाही. केंद्रे होती, नोंदणी होती आणि ओलावा मोजायचे यंत्र होते. मूठभर दाणे त्यात टाकायचे, आकडा १२ च्या आत आला तर माल घ्यायचा. परतीच्या पावसात भिजलेले सोयाबीन १४ दाखवते. मग तोच ट्रॅक्टर वळून व्यापाऱ्याकडे, कारण दिवाळी आली होती आणि मळणीवाल्याचे पैसे द्यायचे होते. दिल्लीने १५ टक्क्यांपर्यंत सूट दिली, नाही कशी? नोव्हेंबरच्या मध्यात. फराळाचे डबे रिकामे झाल्यावर.

मधल्या काळात घरातले पोरगे ट्रॅव्हल्सने पुण्याला गेले, तांड्यावरचे जोडपे ऊसतोडीला गेले. गरीब माणूस जिल्ह्याबाहेर गेला की गरिबीची टक्केवारी खाली येते. तिकिटावर थोडी सवलत दिली, तर वाशीम पुढच्या क्रमवारीत पहिला यायला कोण अडवतो?

त्यापेक्षा एक साधी सूचना. जिल्ह्यांना गुण देतो तसे दिल्लीतल्या खात्यांनाही द्यावेत. तेलाचे शुल्क ठरवणाऱ्या साहेबांना ऑक्टोबरात रिसोडच्या यार्डात रांगेने उभे करावे, यंत्र लावावे, आणि आकडा बाराच्या वर निघाला तर वाळून यायला सांगावे.