साडूभाऊ आणि दशांशचिन्ह

आमच्या सासुरवाडीत लाइट गेली की शेजारच्यांचीही गेली का, हे बघायला कुणी खिडकीशी जात नाही. सगळे माझ्या साडूंकडे बघतात.

परवा मेहुण्याच्या मुलाची मुंज होती. मातृभोजन आटोपलं, पहिली पंगत बसायची होती, आमरसाचं पातेलं फ्रिजमधून बाहेर आलं आणि पंखे मंदावत मंदावत थांबले. मे महिना. चाळीस माना एकदम वळल्या. सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, तुमच्या एमएसईबीत एक फोन करा की!"

आपण एमएसईबीत नाही, हे साडूभाऊ गेली वीसेक वर्षं सांगताहेत. एमएसईबी तर 6 जून 2005 रोजीच वाटणी होऊन संपली. एक कंपनी वीज बनवते, दुसरी वाहून नेते, तिसरी, महावितरण, घरोघर वाटते आणि चौथी या तिघींची मालकीण. (घराची वाटणी झाली की भांडी वाढतात, तसं.) साडूभाऊ आहेत नियामक आयोगात, ज्येष्ठ अभियंता. आयोग वीज बनवत नाही, वाहत नाही, वाटत नाही. दर ठरवतो. हे ऐकलं की मामेसासरे न चुकता विचारतात, "मग वाढवता कशाला?"

अभियंता म्हणजे खिशात टेस्टर आणि हातात पक्कड, अशी आपली समजूत. साडूभाऊंनी शेवटची तार कधी जोडली ते वहिनींनाही आठवत नाही. घरचा फ्यूज गेला तर कोपऱ्यावरचा वायरमन येतो. साडूभाऊंची हत्यारं वेगळी: कॅल्क्युलेटर, हायलायटर आणि पिवळ्या चिकटचिठ्ठ्या. कंपनीची पिटीशन येते ती शेकडो पानांची. कायद्याप्रमाणे 120 दिवसांत निकाल द्यायचा. त्या पानांत पाच वर्षांनंतर राज्य किती वीज खाईल, कोळसा कितीला पडेल, तारा कुठे ओढल्या जातील, सगळं लिहिलेलं असतं आणि प्रत्येक आकड्याला दशांशचिन्हापुढे दोन अंक असतात. आमच्या गल्लीतला ज्योतिषीसुद्धा इतक्या खात्रीने बोलत नाही.

मग होतो 'प्रुडन्स चेक'. खर्च शहाणपणाने केला की कसा, याची तपासणी. वर्षाच्या सुरुवातीला अंदाज मंजूर करायचा. वर्ष सरल्यावर प्रत्यक्ष खर्च बघायचा. फरकातला वाजवी तेवढा पुढच्या दरात घालायचा, वर तोवरचं व्याज. याला 'ट्रू-अप' म्हणतात. साडूभाऊंनी एकदा हौसेने ही पद्धत घरखर्चाला लावली. नियमांत खर्चाचे दोन प्रकार असतात, हातात असलेले आणि हाताबाहेरचे. हातातला वाढला तर दोष तुमचा, हाताबाहेरचा वाढला तर तो ग्राहकाकडून वसूल. वहिनींनी पहिल्याच वर्षी पैठणी 'हाताबाहेरचे घटक' या सदरात दाखवली. कारण: भाचीचं लग्न अचानक ठरलं. साडूभाऊंना मंजूर करावी लागली, व्याजासकट. दुसऱ्या वर्षीपासून घरी ट्रू-अप बंद.

खरी गंमत शेतीपंपांची. राज्यात लाखो पंपांना मीटरच नाही. मग त्यांनी किती वीज घेतली? साडूभाऊंनी हे मला एकदा श्रीखंडाच्या वाटीसमोर बसून समजावलं. पंप 5 अश्वशक्तीचा. एक अश्वशक्ती म्हणजे 0.746 किलोवॅट, तर पंप झाला 3.73 किलोवॅटचा. "इथवर भौतिकशास्त्र," ते म्हणाले. तो वर्षात किती तास चालला, इथून पुढे ललित वाङ्मय. 1,200 तास चालला म्हणा, 4,476 युनिट होतात. 1,600 म्हणा, 5,968. असे दहा लाख पंप धरले तर नुसता एक अंदाज बदलल्याने जवळजवळ 149 कोटी युनिट कागदावर उगवतात.

यात कुणाचा फायदा, असं मी भाबडेपणाने विचारलं. साडूभाऊंनी चमचा खाली ठेवला. गळती म्हणजे आत आलेली वीज वजा विकलेली वीज. शेतकऱ्याच्या नावावर विक्री वाढवली की गळती आपोआप उतरते. रात्री तारांवर टाकलेले आकडे, फेरफार केलेले मीटर, कुरकुरणाऱ्या जुन्या तारा, सगळं अलगद एखाद्या विहिरीत सोडता येतं आणि विहीर काही साक्ष द्यायला येत नाही. शेतकरी ओरडायचा, माझा पंप तीनचा आणि बिल पाचचं. आता तोही आवाज बसणार. एप्रिल 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत आहे, बिल सरकार भरतं. जे बिल आपण भरायचंच नाही ते वाचतो कोण?

वाचतात एकटे साडूभाऊ. 'टेक्निकल व्हॅलिडेशन सेशन' नावाची एक बैठक असते, तिच्या आधी ते 'डेटा गॅप' नावाची प्रश्नावली पाठवतात. प्रश्न सतरावा: पंपाचे तास कशावरून धरले? उत्तर येतं: क्षेत्रीय कार्यालयांकडून माहिती मागवली असून प्राप्त होताच सादर करण्यात येईल. पुढच्या फेरीत तोच प्रश्न, तेच उत्तर, फक्त सही वेगळी, कारण आधीच्या साहेबांची बदली झालेली असते. शेवटी रात्री दोन वाजता, डबा तसाच ठेवून, साडूभाऊ 'कमिशन्स अ‍ॅनालिसिस अँड रूलिंग' या मथळ्याखाली एक तास-संख्या लिहितात. तास छाटले तर कंपनी अपिलाला दिल्लीत. ठेवले तर ग्राहक संघटना छाताडावर. मधला आकडा घेतात. दशांशचिन्हापुढे दोन अंक घालायला विसरत नाहीत.

एक मात्र मान्य केलं पाहिजे. आयोग नव्हता तेव्हा काय होतं ते आपण पाहिलंय. दाभोळचा तो महागडा वीजखरेदी करार डिसेंबर 1993 चा, आयोग स्थापन झाला ऑगस्ट 1999 मध्ये. वरातीमागून घोडे, पण घोडं आलं तरी. मामेसासऱ्यांना हे सांगून उपयोग नाही, त्यांचा राग ताजा आहे. 28 मार्च 2025 ला आयोगाने महावितरणच्या दरांचा आदेश काढला आणि चक्क दर उतरवले. 1 एप्रिलपासून सरासरी दहा टक्क्यांच्या आसपास. मामेसासऱ्यांनी पेढे आणले. 2 एप्रिलला आयोगाने आपल्याच आदेशाला स्थगिती दिली, कारण हिशेबात चुका आहेत असं कंपनीचं म्हणणं पडलं. 25 जूनला फेरविचार होऊन नवा आदेश आला, नवे दर 1 जुलैपासून. ते तीन महिने साडूभाऊ सासुरवाडीला फिरकले नाहीत. पेढ्यांचे पैसे ट्रू-अपमध्ये धरावेत, असा मामेसासऱ्यांचा तोंडी अर्ज अजून प्रलंबित आहे.

तर मुंजीकडे. लाइट तीन तासांनी आली. तोवर बटूने सोवळ्यातच दोनदा आंघोळ केली होती आणि गुरुजी उपरण्याने वारा घेत गच्चीवर बसले होते. पंखा फिरला तसे साडूभाऊ हुशारले. त्यांनी अहेराचं एक रिकामं पाकीट घेतलं, पेन काढलं.

"डीपी आपल्या गल्लीचा. ग्राहक दोनशे धरू. तीन तास. झाले 600 ग्राहक-तास. विभागात एकूण ग्राहक समजा दोन लाख. भागा." पाकिटावर भागाकार झाला. "0.18 मिनिट. म्हणजे अकरा सेकंदसुद्धा नाहीत. ग्राहकाची वीज सरासरी किती वेळ जाते, त्या निर्देशांकात आजचा खंड इतकाच दिसेल."

"अकरा सेकंद?" मी घाम पुसत म्हणालो.

"सरासरी, साडूभाऊ. ज्या एक लाख नव्याण्णव हजार आठशे लोकांची गेलीच नाही, त्यांनी तुमचा अंधार वाटून घेतला."

मामेसासऱ्यांनी भरपाईची चौकशी केली. ती कायद्यात आहे, कलम 57, ठरल्या वेळेत वीज आली नाही तर, वगैरे साडूभाऊ सांगू लागले. तेवढ्यात सासूबाई स्वयंपाकघरातून पातेलं घेऊन आल्या. झाकण उचलून त्यांनी आधी स्वतः वास घेतला, मग पातेलं साडूभाऊंच्या नाकाशी धरलं.

"जावईबापू, अकरा सेकंदांत आमरस आंबतो होय?"

साडूभाऊंनी पाकिटाकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं.

"क्षेत्रीय कार्यालयाकडून माहिती मागवावी लागेल," ते म्हणाले.