नजरेचा धाक

मेंढ्या राखणारा कुत्रा म्हटला की तो भुंकणारच, असं आपण गृहीत धरतो. बॉर्डर कॉली मात्र कामावर असताना सहसा तोंड उघडत नाही. मान खाली, अंग जमिनीलगत आणि मेंढ्यांवर रोखलेली नजर, बस्स. लग्नघरातल्या करारी आत्याबाई पंगतीच्या या टोकाला उभ्या राहून त्या टोकाचं उंडारणारं पोर नुसत्या डोळ्यांनी पानावर बसवतात, त्यातलाच हा प्रकार.

ही नजर मूळची शिकाऱ्याची. लांडगा सावज हेरतो, दबकत पुढे सरकतो, मागे लागतो, झडप घालतो, मारतो. इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरच्या मेंढपाळांनी पिढ्यान्‌पिढ्या कुत्री निवडताना यातलं हेरणं-दबकणं वाढवलं आणि शेवटचं मारणं तेवढं गाळलं. मेंढीला या काटछाटीचा पत्ता नाही, म्हणून धंदा चालतो.

या घराण्याचा मूळपुरुष ओल्ड हेम्प. १८९३ साली नॉर्थंबरलंडच्या ॲडम टेल्फर यांच्याकडे जन्मला. बाप रॉय दिलखुलास, पण कामात बेताचा. आई मेग लाजरीबुजरी, पण नजर अशी जबरी की बघता बघता स्वतःच जागी खिळायची म्हणतात. जोडा काही बरा म्हणावा असा नव्हता. पोरगा मात्र दोघांचं हवं तेवढंच घेऊन आला. गडबड नाही, गोंगाट नाही, काम चोख. आठ वर्षांच्या आतच, १९०१ मध्ये तो गेला. तोवर दोनशेच्या आसपास पिल्लांचा बाप झाला होता. आजच्या जवळजवळ प्रत्येक बॉर्डर कॉलीची वंशावळ त्याच्यापाशी पोचते, म्हणजे सगळी भाऊबंदकीच.

१९०६ साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल शीप डॉग सोसायटीने या कुत्र्यांचं कामच पाहिलं, रूप नाही. त्यामुळे एकाचे कान उभे, दुसऱ्याचे पडलेले, तिसऱ्याचा एक उभा नि एक पडलेला. मला हे फार आवडतं. इंग्लंडच्या केनेल क्लबने १९७६ मध्ये त्यांना मान्यता दिली आणि मग कानांकडेही लक्ष जाऊ लागलं.

डोकं म्हणाल तर अमेरिकेतल्या चेसर नावाच्या कॉलीला जॉन पिली या प्राध्यापकांनी १०२२ खेळण्यांची नावं शिकवली. आमच्या सोसायटीतल्या निम्म्या लोकांची नावं मला येत नाहीत.

असलं डोकं आता पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्येही येऊन राहिलंय. काळापांढरा रंग आवडला म्हणून आणलेलं. मेंढ्या नाहीत, डोंगर नाही, दोन वेळा खाली फिरवून आणलं की दिवसाचं काम संपलं. मग तो स्वतःच काम शोधतो. सायकली वळवून पाहतो, झाडू वळवून पाहतो. वाढदिवसाला आलेली पोरं थोड्याच वेळात हॉलच्या एका कोपऱ्यात गोळा झालेली असतात. यजमान कौतुकाने म्हणतात, “खेळतोय हो तो!” आणि निसटू पाहणाऱ्या एखाद्या पोराच्या टाचेला तेवढ्यात हलकेच दात लागलेले असतात.